शून्याच्या डावीकडे

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

‘वजा वजा बेरीज’ हा मंत्र आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. तो कोणी शिकवला, केव्हा शिकवला हे आठवत नाही; पण झोपेतून उठवून विचारले तरी तो तोंडातून बाहेर पडतो. मग लगेच ‘-३ - २ किती?’ असे विचारून पाहावे. वजाची चिन्हे दोन दिसतात, मंत्र जिभेवर तयार असतो, आणि उत्तर येते, ‘अधिक पाच’.

हे उत्तर मी सातवीत दिले होते. लहानपणीची चूक म्हणून ती सोडूनही देता आली असती. पण बी. कॉम. च्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचे एक उदाहरण सोडवताना मी पुन्हा तेच केले. पाच दुकानांची विक्री हजारांत दिली होती: १७, १८, २१, २१, २१. गृहीत मध्य २० धरला. विचलने आली -३, -२, १, १, १. पहिल्या दोहोंची बेरीज मी मंत्राप्रमाणे +५ केली, एकूण ८ आले, आणि सरासरी निघाली २१.६. पाचांपैकी एकाही दुकानाची विक्री २१ च्या वर नसताना सरासरी २१.६ कशी येईल, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. खरे उत्तर १९.६ आहे. नियम मला पाठ होता. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे मात्र माहीत नव्हते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच पूर्णांक संख्या शिकवण्याची पाळी माझ्यावर आली, म्हणून हा लेख. मी गणिताची विद्यार्थिनी नाही. तरी शिकवताना जे हाती लागले, ते पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींना आणि कदाचित प्राध्यापकांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला दिवस फसला

आमच्या वडगावातील गल्लीत मागांचा खडखडाट आणि दोन भाषा या दोन्ही गोष्टी पहाटेपासून सुरू होतात. सातवीत जाणारी चौदा मुले जमली. आठ मराठी माध्यमाची, सहा कन्नड माध्यमाची. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पण कन्नड मी शाळेत भाषा म्हणून आणि गल्लीत गरज म्हणून, अशी दोनदा शिकले. त्यामुळे आठजणांची मी ‘ताई’ झाले आणि सहाजणांची ‘अक्का’.

वाणिज्य शाखेची असल्यामुळे मला सर्वांत सोपे वाटले ते उधारीचे उदाहरण. जवळ असलेले पैसे म्हणजे धन, देणे म्हणजे ऋण. शब्दही तेच सांगतात. मी म्हटले, “समजा, किराणा दुकानात आपली पन्नास रुपये उधारी आहे.” तेवढ्यात मागून एकजण ओरडला, “ताई, ह्याच्या घरचं तर वहीत सातशे हाईत की!” मुले हसली. ज्याच्याकडे बोट दाखवले होते तो मुलगा मान खाली घालून पाटीवर रेघा ओढत बसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

उदाहरण गणिताच्या दृष्टीने बरोबर होते. पण शून्याच्या डावीकडे कोण उभे आहे, हे ज्या गल्लीत सर्वांना ठाऊक असते, तेथे ते पहिल्या दिवशी द्यायचे नव्हते. शिवाय त्यात गणिताचीही एक अडचण आहे. आपण हिशेबात जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला लिहितो. दोन्हीकडे साध्या, धन संख्याच असतात. शेवटी फक्त बाकी काढतो. ही सोय इतकी चांगली आहे की लुका पाचोली या इटालियन गणितीने १४९४ साली द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध केली, तिचा पाया आजही आपण बदललेला नाही. पण त्यामुळेच मुलांच्या मनात दोन वेगळे ढीग तयार होतात. एकच सरळ रस्ता आहे आणि शून्य हे त्यावरचे एक ठिकाण आहे, ही कल्पना ढिगांतून येत नाही. त्यासाठी रेषाच हवी.

शहाबादी फरशीची संख्यारेषा

जवळच्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप लांबट आहे आणि त्याला शहाबादी फरशी आहे. एका सरळ ओळीत सोळा फरश्या भरल्या. चुन्याने मी मधोमध शून्य काढले, उजवीकडे १ ते ८ आणि डावीकडे -१ ते -८. पूजाऱ्यांनी एवढीच अट घातली की संध्याकाळच्या आरतीपूर्वी आकडे पुसायचे.

आता आकडा कोठे लिहायचा? मी प्रथम फरशीच्या मध्यभागी लिहू लागले आणि अडकले. आकडा फरशीवर नसतो, तो दोन फरश्यांच्या सांध्यावर असतो. फरशी म्हणजे एक पाऊल, सांधा म्हणजे एक ठिकाण. हे वरवर क्षुल्लक वाटेल. पण मुलांच्या निम्म्या चुका येथूनच जन्मतात. ३ + ४ करताना मूल ३ वर उभे राहते, आपल्या पायाखालच्या जागेलाच ‘एक’ म्हणते आणि ६ वर पोहोचते. मोजायची ती ठिकाणे नव्हेत, पावले. मी विचारले, “फरश्या सोळा, तर आकडे किती?” सर्वांनी ‘सोळा’ म्हटले. मोजले तेव्हा सतरा भरले. शून्य मोजायचे राहून गेले होते.

दुसरी चूक लहान-मोठ्याची. -७ आणि -२ यांत मोठी कोणती? ‘सात मोठे’ ही सवय पहिलीपासूनची. येथे रेषा एकच गोष्ट सांगते: जी उजवीकडे ती मोठी. -७ हे शून्यापासून अधिक दूर आहे, पण ते दूर डावीकडे आहे, म्हणून लहान. ‘किती दूर’ आणि ‘किती मोठी’ हे दोन प्रश्न निराळे आहेत. हिवाळ्यात द्रासचा पारा -२ वरून -७ वर गेला तर थंडी वाढते, तापमान मात्र उतरते. हे उदाहरण मुलांना लगेच पटले. थंडी ‘वाढली’ या शब्दानेच आजवर त्यांचा घोटाळा केला होता.

तोंड कोणीकडे, पाऊल कोणीकडे

आता मुख्य भाग. -३ मधील आडवी रेघ आणि ५ - ३ मधील आडवी रेघ दिसायला सारखीच, पण त्यांची कामे दोन. पहिली त्या संख्येचा स्वभाव सांगते. दुसरी काय करायचे ते सांगते. छापताना दोन्ही एकच असल्यामुळे मुलाला फरक दिसत नाही. पायांना मात्र तो शिकवता येतो. आम्ही तीन नियम ठरवले.

पहिला: पहिल्या संख्येवर उभे राहायचे. दुसरा: मधले चिन्ह तोंड कोणीकडे करायचे ते सांगते, बेरीज असेल तर उजवीकडे, वजाबाकी असेल तर डावीकडे. तिसरा: दुसरी संख्या धन असेल तर तोंडाच्या दिशेने तितकी पावले चालायचे, ऋण असेल तर तोंड तसेच ठेवून पाठीमागे चालायचे.

-२ + (-३) घ्या. -२ वर उभे राहा, तोंड उजवीकडे, तीन पावले पाठीमागे. पोहोचलो -५ वर. -४ - ३ घ्या. -४ वर उभे, तोंड डावीकडे, तीन पावले पुढे. पोहोचलो -७ वर. माझे ते बदनाम उदाहरण, -३ - २, हेही असेच: तोंड डावीकडे, दोन पावले पुढे, उत्तर -५. येथे कोणीही पाठीमागे चालत नाही, म्हणून उजवीकडे सरकण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि ३ - (-२)? ३ वर उभे, तोंड डावीकडे, दोन पावले पाठीमागे. एक कन्नड माध्यमाची मुलगी चालत होती. तिचे तोंड शून्याकडे आणि पावले मात्र पाचाकडे. पाचावर टेकल्यावर तिने मागे वळून पायाखालचा आकडा पाहिला आणि म्हणाली, “अक्का, ऐदु!” मंत्र कोणी उच्चारला नव्हता. दोनदा उलट वळले की पुन्हा उजवीकडे जाणे होते, एवढेच तिच्या पायांनी पाहिले. ‘वजा वजा बेरीज’ खरे ठरते ते एवढ्याच ठिकाणी, जेथे एक वजा कृतीचा असतो, दुसरा संख्येचा, आणि दोन्ही एकाच पावलावर येऊन पडतात.

वजाबाकीचा दुसरा अर्थही रेषेवर दिसतो: एका ठिकाणापासून दुसऱ्यापर्यंत किती? केरळातील कुट्टनाड भागात समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती होते. तेथील एखादे शेत दोन मीटर खाली, म्हणजे -२ वर आहे असे धरू. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. दोहोंतील फरक ७५० - (-२), म्हणजे ७५२ मीटर. येथे उत्तर वाढणारच, हे नियम न सांगताही कळते. कारण शून्य मध्ये आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे आहे.

दोन भाषांचा उपयोग

दोन माध्यमांमुळे अडचण होईल अशी मला भीती होती. झाले उलटेच. धन, ऋण, गुणाकार हे शब्द दोन्हीकडे सारखे. आपली ‘संख्यारेषा’ कन्नडमध्ये ‘संख्यारेखे’. आपल्या ‘नैसर्गिक’ संख्या त्यांच्या ‘स्वाभाविक’ संख्या. शून्याला मात्र त्यांच्याकडे ‘सोन्ने’ हा घरगुती शब्द आहे आणि तो आमच्या मराठी मुलांनीही उचलला.

मराठीत -३ ला कोणी ‘ऋण तीन’ म्हणतो, कोणी ‘उणे तीन’, कोणी ‘वजा तीन’, आणि बहुतेक जण ‘मायनस तीन’. मी ठरवून टाकले: संख्येचे नाव घेताना ‘ऋण’, कृती सांगताना ‘वजा’. म्हणजे ३ - (-२) हे ‘तीन वजा ऋण दोन’. कन्नड मुलांसाठी कृतीला ‘कळे’ आणि संख्येला ‘ऋण’. ‘मायनस मायनस’ म्हटले की दोन कामे एकाच शब्दात बुडतात. ‘वजा ऋण’ म्हटले की ती वेगळी ऐकू येतात. आपल्या भाषांत ही सोय आयती असताना आपण ती का टाकतो, कोण जाणे.

गंमतही झाली. एक मुलगा म्हणाला, “ऐवत्तु रूपायी साल.” मराठी मुले गोंधळली, पन्नास रुपयांचे कोणते साल? कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज. हे समजावताना कर्जाचा विषय आपोआप पुन्हा निघाला, आणि या वेळी कोणी कोणाकडे बोट दाखवले नाही.

तो मुलगा चौथ्या दिवशी परत आला होता. चालण्याचा खेळ चालू आहे हे त्याला कळले असावे. त्याने सर्वांत शेवटी, हळूच विचारले, “ताई, दुकानदारानं पन्नास दोनदा लिहिल्यात. एक खोडलं तर?”

मी क्षणभर थांबले. मग फळ्यावर लिहिले: -७०० - (-५०). सातशे आपल्या फरशीवर मावत नाहीत, पण रस्ता तोच. -७०० वर उभे राहा, तोंड डावीकडे, पन्नास पावले पाठीमागे. तो स्वतःच म्हणाला, “साडेसहाशे. म्हणजे ऋण साडेसहाशे.” आम्ही खाते पुस्तकात चुकीची नोंद रद्द करण्यासाठी उलट नोंद करतो. तीन वर्षे करते आहे. पण ऋण वजा करणे म्हणजे नेमके हेच, हे मला त्या दिवशी कळले.

हे भांडण जुने आहे

मुलांना पूर्णांक अवघड जातात याचे आपण नवल करू नये. थोरामोठ्यांनाही ते अवघड गेले आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम स्पष्ट सांगितले, ऋणाला ऋणाने गुणले तर धन, हेही त्यात आहे. चीनमध्ये त्यापूर्वीच मोजणीच्या कांड्या वापरत. तांबडी कांडी धन आणि काळी ऋण. आमच्या वाणिज्य शाखेत तोट्याला तांबडी शाई, ती नेमकी उलट!

पण नियम सांगणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचे एक कोडे आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक बाहेर दिसते आहे. तर एकूण किती? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून तीन गेले ७, वर्ग ४९, अधिक एक, पन्नास. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून तीन गेले -२, वर्ग ४, अधिक एक, पाच. दोन्ही जुळतात. तरी भास्कराचार्यांनी दुसरे उत्तर सोडून दिले, कारण मध्येच ऋण माकडे येतात आणि ते लोकांना पटत नाही. हे कोडे सांगितले तेव्हा मुले ‘उणे दोन माकडे’ म्हणून बराच वेळ हसत होती. बाराव्या शतकातला आक्षेप त्यांना पुरता समजला होता.

सरळ रेषेवर चालणारा माणूस प्रथम मी काढला असे मात्र मला म्हणता येणार नाही. इंग्रज गणिती जॉन वॉलिस यांनी १६८५ सालच्या आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात हेच केले आहे. माणूस पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर तो किती पुढे आहे? ऋण तीन यार्ड. म्हणजे निघालेल्या जागेच्या तीन यार्ड मागे. ही संख्या निरर्थक नाही, ती एक जागा दाखवते, हे त्यांना सांगायचे होते. आमची शहाबादी फरशी एवढ्या जुन्या वाटेवर होती, हे मला नंतर वाचनात कळले.

गुणाकार आणि एक अवघड प्रश्न

३ × (-२) सोपे आहे. शून्यावरून ऋण दोनाच्या तीन उड्या, -६. पण (-३) × (-२) ला काय म्हणायचे? ऋण तीन वेळा उडी कशी मारायची? येथे एका मुलीने विचारले, “कर्जाला कर्जानं गुणलं की पैसे मिळतात व्हय ताई?” फ्रेंच कादंबरीकार स्तांधाल यांनीही आपल्या आत्मचरित्रात शाळेतील नेमकी हीच तक्रार नोंदवली आहे. तिला उत्तर असे: कर्जाला कर्जाने गुणताच येत नाही, जसे रुपयाला रुपयाने गुणता येत नाही. दोहोंपैकी एक संख्या ‘किती वेळा’ हे सांगते.

मग टाळ्या वाजवल्या. एक मुलगा प्रत्येक टाळीला दोन फरश्या डावीकडे जातो, म्हणजे त्याची चाल -२. या टाळीला तो शून्यावर आहे. आणखी तीन टाळ्यांनी तो कोठे असेल? -६ वर; हे ३ × (-२). आणि तीन टाळ्यांपूर्वी कोठे होता? मुलांनी बोटे उजवीकडे नेली. +६ वर! हे (-३) × (-२). ज्याला हे पटले नाही त्याच्यासाठी फळ्यावर ओळीने लिहिले: ३ × (-२) = -६, २ × (-२) = -४, १ × (-२) = -२, ० × (-२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनाने वाढते आहे. पुढची पायरी (-१) ची. आता शून्यावर येऊन ते का थांबेल? २, ४, ६ असेच जाणार. वहीतील पन्नासच्या तीन चुकीच्या नोंदी खोडल्या तर दीडशेने सुधारणा होते, तेही हेच. हे उदाहरण कोणी दिले ते सांगायला नको.

जे राहिले ते

सर्व साधले असे म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी -३ - २ हे मी सर्वांना कागदावर दिले. दोघांनी तरीही +५ लिहिले. त्यांना फरशीवर नेले तर ते बरोबर -५ वर जाऊन उभे राहिले. म्हणजे पायांना कळलेले हाताला अजून कळले नव्हते. फरशीवरून कागदावरील रेषेवर आणि रेषेवरून नुसत्या आकड्यांवर आणताना मी घाई केली. मध्ये एक-दोन दिवस वहीत रेषा काढून तिच्यावर बोट चालवायला हवे होते. शिवाय भागाकाराला मी हात घातला नाही, आणि ४८ - (-२३५) अशा मोठ्या संख्यांना फरशी अपुरीच पडते. तेथे नियम हवाच. माझे म्हणणे एवढेच आहे की नियम शेवटी यावा, चालून थकल्यावर जवळची वाट दाखवावी तसा.

यंदाच्या सुट्टीत पुन्हा वर्ग घ्यायचा आहे. सभामंडप तोच, चुनाही तोच. गणित विभागातील कोणी विद्यार्थी बरोबर आला तर भागाकाराचे तो पाहील. कन्नड येत नसले तरी चालेल; ‘मुंदे’ आणि ‘हिंदे’ एवढे दोन शब्द पुरतात, आणि ते मुले पहिल्याच दिवशी शिकवतात.